कल्हईला दिलेलं भगुणं

वाटणी झाल्यापासून माझी जाऊ माझ्या उंबऱ्याच्या आत तीनदा आली होती. एकदा सासरे गेले तेव्हा, एकदा माझ्या मुलीच्या बारशाला, आणि एकदा तिची म्हैस सुटून आमच्या परड्यात शिरली तेव्हा. चौथ्यांदा आली ती फडक्यात बांधलेले धपाटे घेऊन. लग्नसराई तोंडावर आली होती. मी पत्र्याच्या खोलीत झारे आणि पळ्या वेगळ्या करत बसले होते. तिनं धपाटे माझ्या हातात न देता सासूच्या हातात दिले आणि माझ्याकडं बघून हसली.

"आत्याबाईला चार दिस आमच्याकडं नेते म्हणलं. तेवढीच हवापालट."

"दीड कोसावर कोणती हवा पालटती, जाऊबाई?"

"फाट्यावर वारं लई हाय, माय. हितं तर पत्रा तापतो."

सासू फडक्याची गाठ सोडायला लागली. पण माझी नजर तिच्या बाजेखाली गेली. तिथं तिचं गाठोडं बांधून तयार होतं. म्हणजे धपाटे आज आले, पण बोलणं आधीच झालेलं होतं. माझ्या घरात, माझ्या मागं.

मी नको म्हणू शकले असते. पण नको म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण मला जावेपुढं उघडं करायचं नव्हतं. खरं कारण असं, की या म्हातारीवाचून माझा धंदा एक दिवस चालत नाही.

हे समजायला वाटणीपर्यंत मागं जावं लागेल. आमचं गाव कंधारच्या खाली, लातूर जिल्ह्याच्या शिवेला लागून आहे. सासऱ्यांनी दोन पंच बसवून दोन भावांत वाटणी केली. विहिरीजवळची काळी जमीन थोरल्याला, माळाचं रान आम्हाला. थोरल्याचा मान, असं पंच म्हणाले. मी म्हणाले, मान पाटावर बसवून द्या, जमिनीत कशाला देता? तेव्हा एका पंचानं माझ्या नवऱ्याला सांगितलं, "आवर तिला." नवरा मान खाली घालून बसला होता. तो तसाच बसतो. मी रडत होते आणि रडता रडता हिशोब करत होते.

जमिनीनंतर माणसांची वाटणी आली. म्हातारा शेतात राबत होता, त्याला थोरल्यानं ठेवून घेतलं. म्हातारीसाठी जावेनं पाळी सुचवली, सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. आमच्याकडं सगळे तेच करतात. मी म्हणाले, पाळी नको. सासू कायमची माझी. तिच्या बदल्यात घरातली मोठी भांडी द्या, दोन कढया, परात आणि भगुणी. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. त्यांना वाटलं, रागाच्या भरात हिनं ओझं अंगावर घेतलं. जावेनं तर पदरानं तोंड झाकून हसू दाबलं. मी ते पाहिलं होतं.

माझं माहेर किनवटचं. माझी आई तिथल्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. शंभर पानांना तांदूळ किती, दीडशेला डाळ किती, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. त्यामुळे मोठी भांडी बघितली की मला त्यात पंगत दिसते. भांडी भाड्यानं द्यायची, मागतील त्यांना स्वयंपाकही करून द्यायचा, नवऱ्यानं टेम्पो चालवायचा, एवढं माझ्या डोक्यात त्या पंचांसमोरच पक्कं झालं होतं. फक्त एक गोष्ट लागणार होती. घर दिवसभर उघडं पाहिजे.

गावात धंदा कुणाचा चालतो आणि कुणाचा नाही, यावर लोक नशीब सांगतात, भांडवल सांगतात. मी भांड्यांच्या निमित्तानं प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत जाऊन आले आहे आणि माझा या दोन्हींवर विश्वास नाही. मी आधी घरातली माणसं बघते. वेशीजवळच्या घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या तोवर तिथं तीन शिलाई मशिनी चालत होत्या. दुसरीचं लग्न झालं आणि आता त्या मशिनींवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या असतात. शाळेमागच्या बौद्ध कुटुंबातला थोरला एसटीत लागला, मगच धाकट्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायची हिंमत झाली. एकाचा पगार घरात येत असला की दुसरा बुडायला मोकळा असतो. आणि तळ्याकडच्या चार भावांच्या घरात चौघेही कष्टाळू, बायका त्यांच्याहून कष्टाळू, पण म्हातारं माणूस एकही नाही. सकाळी सगळे रानात जातात आणि दाराला कुलूप लागतं. त्यांनी पिठाची गिरणी टाकून पाहिली. लोक डोक्यावर दळण घेऊन आले, कुलूप बघून परत गेले. वर्षात गिरणी विकली.

म्हणून मी म्हातारी मागितली होती. ओझं म्हणून सोडा, माया म्हणूनही नाही. खोटं कशाला लिहू?

आणि म्हातारी माझ्या अंदाजापेक्षा भारी निघाली. तिला लिहिता-वाचता येत नाही. भांडी न्यायला कुणी आलं की ती एकच विचारायची, "किती पानं?" मग तिची तीच मोजून काढून द्यायची. जयंतीच्या जेवणाला बौद्ध वस्तीतली माणसं पहिल्यांदा भांडी मागायला आली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडली. ती त्यांना म्हणाली, "देग आगीवर बसती. आगीला इचारा." आणि माणसांकडं वळून, "किती पानं?"

किती भांडी कुणाकडं गेली हे लक्षात ठेवायची तिची स्वतःची रीत होती. देगीला एक चिंचोका, परातीला सीताफळाची बी, झाऱ्या-पळीला ज्वारीचा दाणा. हे सगळं जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून पुरचुंडी खिळ्याला टांगायची. भांडी परत आली की पुरचुंडी सोडून दाणे एकेक बाजूला सारायची. एवढ्या वर्षांत एक पळी हरवली नाही. एकदा मी विचारलं होतं, कोणती पुरचुंडी कुणाची हे तुम्हाला कसं कळतं? म्हणाली, "चिंधीवरनं." कोणती चिंधी कुणाला, हे मात्र तिनं सांगितलं नाही. मला तेव्हाच शंका आली होती की ही मुद्दाम सांगत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं.

ती गेली त्या दिवशी खिळ्यांना पाच पुरचुंड्या होत्या.

पहिल्या दिवशी मी घरी थांबले, एका गावचं जेवण ठरवायला जायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी गेले, तर मागं दोन माणसं तेराव्याची भांडी मागायला येऊन कुलूप बघून गेली. तिसऱ्या दिवशी तळ्याकडच्या एकानं दोन देगा आणि काही पळ्या आणून टाकल्या आणि म्हणाला, "सगळं आलं बरं का, वहिनी." मी पाचही पुरचुंड्या सोडून बसले. एकीतही त्याचा आकडा जुळेना. त्याला मी थांबवून ठेवलं, आवाज चढवला, तो मला म्हणाला, "म्हातारी असती तर अशी बोलली नसती." तो गेला. पळ्या कमी होत्या की माझा संशय जास्त होता, मला तेव्हा सांगता आलं नसतं.

नवरा म्हणाला, "माय चार दिस म्हणली होती, येईल की."

"गाठोडं बघितलं का तुम्ही? त्यात हिवाळ्याची गोधडी होती. चार दिसाला गोधडी लागती का चैतात?"

मला वाटत होतं, जाऊ भांड्यांचा धंदा टाकणार. फाट्यावर घर, डांबरी रस्ता, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर, आणि आता माझी म्हातारी. पुरचुंड्या म्हातारीनं सोबत नेल्या असत्या तर मला चोरी तरी म्हणता आली असती. तिनं त्या खिळ्याला तशाच ठेवल्या. मला ते जास्त हुशारीचं वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी चालत फाट्यावर गेले. देगा कुठं दिसतात का म्हणून आधी घराच्या मागच्या बाजूनं वळसा घातला. देगा नव्हत्या. पडवीत एक गॅसची शेगडी, एक पत्र्याची पेटी आणि डब्यांची चळत होती, तीन-तीन खणांचे डबे. सासू भिंतीला टेकून शेंगा फोडत होती.

"आत्याबाई, पाच दिस झाले."

"मोजलेस व्हय," ती म्हणाली आणि शेंग फोडली.

जाऊ हात पुसत बाहेर आली. मला बघून तिनं पेटीवर पदर टाकला, जसं काही मला पेटी दिसलीच नव्हती. मी विचारलं, हे डबे कुणाचे? तेव्हा तिला सांगावं लागलं. तिचा मुलगा लातूरला शिकवणीला होता. मेसचं खाऊन त्याचं पोट बिघडलं होतं. म्हणून ती शिकवणीची दोन वर्षं लातूरला खोली करून राहणार होती.

"आन् डबे?"

"शेजारच्या खोल्यांत दहा-बारा लेकरं हायेत. आपल्या लेकराचं करायचंच हाय, त्यांचंबी करीन."

"आन् हितं?"

"हितं आत्याबाई हायेत की. ह्यांच्यापुरत्या दोन भाकरी आन् दोन म्हशी."

मला सगळं कळलं. ही बाई पंचांसमोर पदराआड हसली होती, आणि एवढ्या वर्षांनी तिला समजलं होतं की घराबाहेर पडायचं तर घरात एक म्हातारी लागते. माझ्याकडूनच शिकली आणि माझीच उचलली.

"चार दिस म्हणून आणलीस आन् दोन वर्षांचा बेत करून राहिलीस."

"तू तर जन्माची नेली होतीस. मी बोलले का काही?"

मग मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. विहिरीजवळची जमीन निघाली, माळ निघाला, म्हैस निघाली. थोरले दीर दाराआड उभे होते, त्यांचा जोडा मला दिसत होता. भांडणात ते कधी बाहेर येत नाहीत. त्यांच्या वाट्याला जे यायचं ते भांडण न करताच आलेलं असतं.

दम लागल्यावर मी सौद्यावर आले. रागात माझं डोकं चांगलं चालतं. मी म्हणाले, "दादांच्या दोन्ही येळच्या भाकरी मी घालते. माझ्या घरी येऊन जेवावं. सासू माझ्याकडं. तू लातूरला जा."

"आन् म्हशी?"

"म्हशी इका."

"म्हशी इकायच्या न्हाईत."

"मग दादा पिळतील. हात हायेत की त्यांना."

आतून कोणीतरी खोकलं. जाऊ क्षणभर दाराकडं बघून म्हणाली, "चालंल." इतक्या लवकर म्हणाली की मला वाटलं, मीच काहीतरी जास्त देऊन बसले. ज्या माणसामुळं माझ्या वाट्याला माळ आला त्याला मी दोन वर्षं गरम भाकरी घालणार होते. तरी सौदा तुटला नाही याचं बरं वाटलं. मी सासूचं गाठोडं उचलायला वाकले.

"ठेव ते," सासू म्हणाली. "झालं का दोघींचं? बाजारात म्हैस घेतानाबी तिच्या तोंडात बघतेत. माझ्या तोंडाकडं बघितलं का कुणी?"

गाठोडं माझ्या हातातच राहिलं.

"मग तुमचं काय म्हणणं हाय, आत्याबाई?" जावेनं विचारलं.

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "माझं भगुणं आलं का कल्हईवरनं?"

जावेला काही कळलं नाही. मला कळलं. मी गाठोडं खाली ठेवलं आणि एकटी घरी आले.

ते पितळी भगुणं सासूनं लग्नात माहेराहून आणलं होतं. जाड, दोन कड्यांचं, आणि काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं. धंदा सुरू करायचा तर मला मोठी देग हवी होती आणि हातात काही नव्हतं. मी ते भगुणं नांदेडला भांड्यांच्या दुकानात मोडीत दिलं आणि देग घेऊन आले. घरी सांगितलं, कल्हईला दिलंय. दुकानदारानं काट्यावर ठेवण्याआधी काठाखालचं नाव, वडलांच्या आणि गावाच्या नावासकट, मोठ्यानं वाचलं होतं आणि विचारलं होतं, "ही बाई कोण? तिला चालंल का?" मी म्हणाले, "वारली." भाव लवकर ठरावा म्हणून म्हणाले.

नंतर एक-दोनदा सासूनं विचारलं, कल्हईवाला आला न्हाई का अजून? मी म्हणाले, गावोगाव फिरतो, येईल. मग तिनं विचारायचं सोडलं. मला वाटलं, विसरली. दाणे मोजून पाच-पाच घरांची भांडी लक्षात ठेवणारी बाई स्वतःचं भगुणं विसरेल, असं मी कसं समजले कोण जाणे. दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते मला दारातून कळतं आणि माझ्या घरात काय चाललंय ते इतकी वर्षं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला टेम्पो काढायला लावला. पहिली देग, तीच, मागं टाकली आणि नांदेडला गेले. जुनं भगुणं मिळणार नव्हतंच, ते कधीच वितळून गेलं असणार. भांड्यांवर नाव घालणारा माणूस दुकानाच्या पायरीवर त्याची छोटी मशीन घेऊन बसला होता.

"काय नाव टाकू, बाई? मालकाचं?"

मी नाव सांगितलं. सासूचं, मग तिच्या वडलांचं, मग कंधारकडच्या तिच्या माहेरच्या गावाचं. नवरा माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या आईकडच्या आजोबांचं नाव मला ठाऊक आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला ते काट्याजवळ ऐकू आलं होतं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलं नव्हतं.

"सासरचं आडनाव?"

"न्हाई. सांगितलं तेवढंच. खोल टाका. राखेनं घासलं तरी गेलं न्हाई पायजे."

अक्षराला जो भाव त्यानं सांगितला तो ऐकून मी देग उचलून निघाले. तो मागून हाक मारेल हे मला माहीत होतं आणि त्यानं मारली. भाव खाली आणूनच काम करून घेतलं. नाव तिचं असलं तरी मजुरी माझ्या खिशातून जाणार होती.

नवऱ्यानं संध्याकाळी फाट्यावर जाऊन आईला सांगितलं, तुझ्या नावाची देग आलीय. ती म्हणाली, "बघते." येते म्हणाली नाही.

जाऊ लातूरला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी थोरले दीर जेवायला आले. मोटारसायकलवर मागं सासू बसली होती, गाठोड्याशिवाय. म्हणजे तिनं परतीची वाट मोकळी ठेवली होती. देग पडवीत ठेवली होती, नाव उजेडाकडं करून. ती खाली बसली आणि अक्षरांवरून बोट फिरवायला लागली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मग उलटं.

"हेच हाय कशावरनं?" तिनं विचारलं.

"तुमचंच नाव हाय, आत्याबाई."

"कल्हईला दिलंय, असंबी तूच म्हणली होतीस."

माझा नवरा वाचायला पुढं झाला तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. तो माझ्या बाजूचा, म्हणून चालणार नव्हता. तिनं थोरल्याकडं बघितलं. ते हात धुऊन ताटावर बसणार होते, माझ्या हातची पहिली भाकरी ताटात पडली होती.

"इकडं ये. वाच."

दीर उठले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि वाचायला लागले. मी चुलीजवळ उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बघत होते. हा माणूस एक शब्द गाळेल, बदलेल, आणि माझी म्हातारी परत फाट्यावर जाईल, असं मला खरंच वाटत होतं. त्यांनी तिचं नाव वाचलं. वडलांच्या नावाशी थोडे अडले. मग गावाचं नाव वाचलं.

"परत वाच," ती म्हणाली.

त्यांनी परत वाचलं.

ती उठली, पत्र्याच्या खोलीत गेली. खिळ्यांवरच्या पुरचुंड्या मी सोडून परत बांधल्या होत्या, ते तिला गाठी बघूनच कळलं. "हात कुणी लावला?" तिनं आतून विचारलं. मी म्हणाले, मी. तिनं पाचही पुरचुंड्या पडवीत आणून ओतल्या आणि बसली.

"तळ्याकडच्यांनी पळ्या आणल्या का?"

"दोन देगा आन् पळ्या आणल्या. कमी वाटल्या मला."

तिनं मला त्या पळ्या आणायला लावल्या आणि एकेक दाणा सारत मोजल्या. "कमी न्हाईत. दोन पळ्या त्यांच्या घरच्याच हायेत, तू त्याबी ठेवून घेतल्यास. दे त्यांच्या त्यांना."

मग तिनं थोरल्याला सांगितलं, जेवण झालं की जाऊन गाठोडं घेऊन ये. गोधडी राहू दे तिकडंच, म्हणाली. ती का राहू द्यायची, हे मी विचारलं नाही. पण हिवाळा येतोच, हे माझ्या लक्षात आहे.